शिट्टी बेसूर की मोजमाप?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे ज्युनिअर्स मला बऱ्याचदा विचारतात, की "कंट्रोल", "रिपीटेबिलिटी", "ब्लाइंडिंग" हे शब्द पुस्तकात वाचून कळतात, पण प्रत्यक्षात त्यांची गरज कुठे पडते? पूर्वी मी माझ्या विषयातलं, म्हणजे लेझरचं, उदाहरण द्यायचे. हल्ली शिट्ट्यांची गोष्ट सांगते. त्यात माझी एक चूक आहे, आणि तिचा खर्च माझ्याऐवजी दुसऱ्याच माणसाला सोसावा लागला. म्हणून ती नीट लिहून ठेवतेय.

आधी वाद्य समजून घेऊ

शिट्टी म्हणजे रेफ्रीची नव्हे. मी बोलतेय टिन व्हिसलबद्दल. आयर्लंडच्या लोकसंगीतात वाजतं ते हे सहा भोकांचं, एका टोकाने फुंकायचं वाद्य. आपल्याकडे जत्रेत फुगेवाल्याच्या काठीला लटकलेल्या बासऱ्या असतात ना, टोक तोंडात धरून फुंकायच्या, त्याच घराण्यातलं. अलगूज म्हणतात तेही यातलंच. १८४३ मध्ये रॉबर्ट क्लार्क नावाच्या इंग्रज माणसाने पत्र्याच्या शिट्ट्या करून विकायला सुरुवात केली आणि पुढे हे वाद्य स्वस्त म्हणून घरोघरी गेलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नार्ड ओव्हर्टनने फिनबार फ्युरी या वादकासाठी अ‍ॅल्युमिनियमची मोठी, खालच्या सप्तकातली शिट्टी हाताने बनवली. आज हाताने शिट्ट्या बनवणारे कारागीर बरेच आहेत.

शिट्टीच्या तोंडात एक डाट असतो. डाट आणि नळी यांच्यामध्ये अरुंद फट असते. आपण फुंकलेली हवा त्या फटीतून पातळ पट्टीसारखी बाहेर पडते, पुढच्या छोट्या खिडकीवरून जाते आणि समोरच्या धारेवर आपटते. ती पट्टी धारेच्या वर-खाली डोलते आणि नळीतली हवा कंप पावायला लागते. नळी दोन्हीकडून उघडी असल्यासारखी वागते, म्हणून सर्वांत खालच्या सुरासाठी नळीत साधारण अर्धी तरंगलांबी मावते.

आडव्या बासरीत हवेची ही पट्टी वादकाचे ओठ घडवतात. शिट्टीत ती कारागिराने आधीच घडवून ठेवलेली असते. वादकाच्या हातात उरतो तो मुख्यतः फुंकेचा जोर. म्हणजे फट किती उंच, धार किती तीक्ष्ण, खिडकी किती लांब, या मिलिमीटरच्या दहाव्या भागातल्या गोष्टींवर वाद्य ठरतं. अनोळखी कारागिराची शिट्टी हातात आली की प्रश्न पडतो तो म्हणूनच: याला हे जमलंय का?

माझ्याकडे आलेल्या सहा शिट्ट्या

आमच्या कॅम्पसवर एक छोटा संगीतगट आहे. त्यातले आम्ही तिघं-चौघं टिन व्हिसल वाजवतो. एका मित्राला दक्षिण महाराष्ट्रातले एक काका भेटले. लेथवर काम करणारे, आयुष्यभर मशिनचे सुटे भाग केलेले. कुणीतरी दुरुस्तीला दिलेली शिट्टी पाहून त्यांनी स्वतः पितळेच्या नळीच्या शिट्ट्या बनवायला घेतल्या होत्या. त्यांनी सहा शिट्ट्या पसंतीवर पाठवल्या: आवडल्या तर ठेवा, नाहीतर काय चुकतंय ते सांगा. सगळ्या डी स्केलच्या, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी २. तोंड नळीला पक्कं चिकटवलेलं, पुढे-मागे सरकवून सूर लावायची सोय नाही.

"तू फिजिक्सवाली, तूच तपास," असं ठरलं. मीही खूश. रात्री लॅबमध्ये लेझरची सेटिंग स्थिर व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात काम होईल असा हिशेब केला. मोबाइलवर ट्यूनर लावला, सहाही शिट्ट्यांचे सगळे सूर घेतले आणि वहीत छान तक्ता केला. शेजारच्या खोलीत लोक काम करत होते, म्हणून जरा हळूच फुंकत होते.

सहाही शिट्ट्या उतरलेल्या निघाल्या. वीस-बावीस सेंटने. एका अर्ध्या सुराचे १०० सेंट, म्हणजे हा फरक अर्ध्या सुराच्या एक-पंचमांशाइतका. पेटीबरोबर वाजवलं तर खटकेलच.

मी काकांना फोन केला. म्हणाले, "काका, काम सुबक आहे, पण सगळ्या वीस सेंट उतरल्यात." शिवाय गणितही करून दिलं. डी सूर ५८७ हर्ट्झचा. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर अर्धी तरंगलांबी २९.२ सेंटिमीटर. (नळी प्रत्यक्षात याहून आखूड असते, कारण टोकांबाहेरची थोडी हवाही तिच्याबरोबर हलते.) वीस सेंट म्हणजे १.१६ टक्के. म्हणजे नळी सुमारे साडेतीन मिलिमीटर जास्त लांब आहे.

काका म्हणाले, "मी जुळवल्या तेव्हा बरोबर होत्या मॅडम. पण तुमच्या मशिनवर आलंय म्हणजे बरोबरच असणार की."

त्यांनी सहापैकी चार परत मागवल्या, खालच्या टोकाला कापल्या, भोकं कानसीने थोडी मोठी केली आणि पुन्हा पाठवल्या. भोक मोठं केलं की त्याचा सूर चढतो. त्या दिवशी गटाच्या खोलीत पेटीबरोबर बसलो, तर चारही शिट्ट्या चढ्या. दहा-पंधरा सेंटने.

चूक कशी सापडली

सापडली ती योगायोगाने. माझी मैत्रीण लॅबमध्ये आली होती, तिच्या पिशवीत तिची नेहमीची कारखान्यातली शिट्टी होती. पाच वर्षं ती गटात वाजवतेय, सुराबद्दल कधी तक्रार नाही. मी सहज ट्यूनर लावला. तीही जवळपास वीस सेंट उतरलेली.

तेव्हा मी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं. आमची लॅब लेझरमुळे बारा महिने २० अंशांवर असते. काकांची शेड एप्रिलमध्ये तेहेतीस-चौतीस अंशांवर असणार.

हवेतला ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ३४३ च्या तुलनेत हे ०.१७५ टक्के, म्हणजे दर अंशाला साधारण ३ सेंट. तेरा अंशांच्या फरकाला कागदावर ३९ सेंट. प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही, कारण आपल्या ऊबदार श्वासाने नळीतली हवा तापते. पण ती पूर्ण तापत नाही, आणि पितळेची गार नळी ती पुन्हा थंड करत राहते. भरीला मी हळू फुंकत होते. शिट्टीत फुंक हलकी झाली की सूर उतरतो. थंड खोली आणि दबकी फुंक, दोन्ही एकाच दिशेला ओढत होत्या. या दोन्ही गोष्टी मला एमएस्सीपासून माहीत होत्या. पेपरात विचारल्या असत्या तर पूर्ण मार्क मिळवले असते.

काकांना फोन करून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते रागावले नाहीत, पण म्हणाले ते अजून लक्षात आहे: "सकाळी आणि दुपारी सूर वेगळा येतो हे मला ठाऊक आहे मॅडम. म्हणून मी दुपारीच जुळवतो. तुमच्याकडं एसी आहे हे मला कसं कळणार? तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मेण लावून भोकं लहान करता येतात. कापलेली नळी परत वाढत नाही. चार नळ्या आणि त्यांचे दिवस वाया गेले. नंतर आम्ही सहाचेही पैसे दिले, पण त्यांनी स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडून माझ्या आकड्यावर ठेवला होता, त्याची भरपाई पैशांनी होत नाही.

आता प्रयोग म्हणून बघू. कुठे काय करायला हवं होतं?

१. ओळखीचं वाद्य सोबत ठेवा

हाच कंट्रोल. त्याच रात्री, त्याच खोलीत, त्याच फुंकेने मी एक माहितीतली शिट्टी मोजली असती, तर सगळं पाच मिनिटांत उघडं पडलं असतं. तीही वीस सेंट उतरलेली दिसली असती आणि दोष शिट्ट्यांचा नाही हे कळलं असतं.

कंट्रोलची गंमत अशी, की काय चुकतंय हे आधी माहीत असावं लागत नाही. मला तापमान आठवलं नाही तरी चाललं असतं. तापमान, फुंक, मोबाइलचा माइक, ट्यूनरची सेटिंग, जे काही दोन्ही वाद्यांवर सारखं लागू होतं ते वजाबाकीत निघून गेलं असतं. म्हणून "ही शिट्टी किती हर्ट्झला वाजते" यापेक्षा "ही शिट्टी त्या शिट्टीपेक्षा किती वेगळी वाजते" हा प्रश्न जास्त सुरक्षित.

मात्र कंट्रोल नवीन वाद्यांच्या आधीही वाजवा, मध्येही आणि शेवटीही. वाजवताना नळी तापत जाते, आपण दमतो. कंट्रोल फक्त सुरुवातीला घेतला तर हा बदल दिसतच नाही.

२. एकच शिट्टी दहा वेळा मोजा

नवीन वाद्याला नावं ठेवण्याआधी स्वतःला विचारायचं: तीच शिट्टी, तोच सूर, मी पुन्हा वाजवला तर तोच आकडा येतो का? मी हे नंतर करून पाहिलं. माझीच शिट्टी, एकच सूर, दहा वेळा. दर वेळी शिट्टी खाली ठेवून पुन्हा उचलायची. दहा रीडिंग ११ सेंटच्या पट्ट्यात पसरली. म्हणजे दोन शिट्ट्यांच्या एकेका रीडिंगमध्ये ४ सेंटचा फरक दिसला तर मी त्यावर काहीही बोलू शकत नाही. तो फरक शिट्ट्यांचा असेल किंवा माझ्या श्वासाचा.

खाली ठेवून पुन्हा उचलणं महत्त्वाचं आहे. सलग दहा सेकंद एकच सूर धरून ट्यूनरकडून दहा आकडे घेतले तर ते छान जवळजवळ येतात आणि आपल्याला उगाच भारी वाटतं. पण ती एकाच फुंकेची दहा रीडिंग आहेत.

३. दहा रीडिंग म्हणजे दहा शिट्ट्या नव्हेत

मुलाखतीत हमखास अडकवणारा मुद्दा. एका शिट्टीची शंभर रीडिंग घेतली तर त्या एका शिट्टीबद्दल खूप कळतं. कारागिराबद्दल मात्र एकाच नमुन्याइतकं कळतं. प्रश्न "ही शिट्टी कशी आहे" असेल तर रीडिंग वाढवा. प्रश्न "यांच्याकडून शिट्ट्या घ्याव्यात का" असेल तर शिट्ट्या वाढवा. एकाने शेतातल्या एकाच झाडाची पन्नास पानं मोजावीत आणि पूर्ण शेताबद्दल लिहावं, तसं होऊ नये.

हाताने बनवणाऱ्या कारागिराची खरी परीक्षा इथेच असते. एखादी शिट्टी कुणाचीही झकास जमू शकते. सहा शिट्ट्यांमध्ये आपसात फरक किती, यावरून हात किती बसलाय ते कळतं. माझ्या त्या पहिल्या, चुकलेल्या तक्त्यातही ही माहिती होती! सहाही शिट्ट्या जवळजवळ सारख्याच उतरलेल्या होत्या. म्हणजे काका एकसारखं काम करत होते. मी सरासरीकडे पाहून दोष काढला, पसरण पाहिली असती तर कौतुक केलं असतं. सहा वेगवेगळ्या वस्तू अगदी सारख्याच चुकतात, तेव्हा आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यावा.

आणखी एक गोष्ट विचारायची: हे सहा नमुने आले कुठून? बनवलेल्यातले निवडक आहेत की हाताला लागले ते? पसंतीवर पाठवताना कुणीही चांगलं तेच पाठवणार. त्यात गैर काही नाही, पण निष्कर्ष लिहिताना ते ध्यानात हवं.

४. काटा बघत वाजवू नका

ट्यूनरचा काटा डावीकडे गेला की आपण नकळत जोरात फुंकतो, उजवीकडे गेला की हलके फुंकतो. मग मोजतोय काय, शिट्टी की आपली दुरुस्ती? सरावलेल्या वादकांचं तर कानाने ऐकूनच हे होतं. ते बेसूर वाद्यही सुरात वाजवून दाखवतात. म्हणून आधी सगळं रेकॉर्ड करा, स्क्रीन पालथी ठेवून. विश्लेषण नंतर. पहिल्या रात्री मी शेजाऱ्यांना घाबरून हळू फुंकत होते म्हणून काट्यामागे धावले नाही, एवढंच.

५. ट्यूनरचंही स्वतःचं मत असतं

साधा ट्यूनर समान अंतराच्या बारा सुरांची, म्हणजे पेटीची, पट्टी धरून चालतो. त्यात सा ते शुद्ध गंधार ४०० सेंट. पण तंबोऱ्याच्या सुराशी तंतोतंत मिळणारा गंधार ५:४ या गुणोत्तराचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंट. जवळपास १४ सेंट खाली. आयरिश बॅगपाइपमध्येही अखंड सूर चालू असतो, आणि त्याच्याशी जुळावा म्हणून काही शिट्टीकार हा सूर मुद्दाम खाली ठेवतात. ट्यूनर त्याला चूक म्हणेल, जाणकार कान त्यालाच गोड म्हणेल. तेव्हा बनवणाऱ्याला आधी विचारा: सूर कशाशी जुळवलाय? किती तापमानाला? किती जोराने फुंकून? हे प्रश्न विचारायला मला दोन मिनिटं लागली असती.

६. नाव आणि रूप झाकून ठेवा

अनोळखी कारागिराचं वाद्य हाती घेताना आपण कोऱ्या मनाने घेत नाही. "नवशिक्याने बनवलंय" असं माहीत असलं की दोष दिसायला लागतात. नामांकित कारागिराचं म्हटलं की त्याच दोषाला स्वभाव म्हणतो.

व्हायोलिनवरचं एक काम यासाठी जरूर वाचा. क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांच्या गटाने २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ वादकांना सहा व्हायोलिन दिली: तीन नवी, तीन जुन्या इटालियन उस्तादांची. त्या तिघांत दोन स्ट्रॅडिव्हरीची. खोलीत मंद प्रकाश, वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल, आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या टेकूला अत्तर. २०१२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हरीला. यावरून "जुनी वाद्यं वाईट" असा निष्कर्ष निघत नाही, सहाच वाद्यं होती. पण डोळे झाकल्यावर आपली खात्री किती उरते, ते दिसतं.

धातूबद्दलही तेच. जॉन कोल्टमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या, आतून सारख्याच मापाच्या बासऱ्या घेऊन चाचणी केली. न बघता वादकांना किंवा ऐकणाऱ्यांना साहित्य ओळखता आलं नाही. म्हणून "पितळेचा आवाज ऊबदार" वगैरे वाक्यं अहवालात लिहिण्याआधी थांबा.

आम्ही सोपा जुगाड केला. सगळ्या शिट्ट्यांच्या नळ्यांना एकसारखी टेप गुंडाळली, वादकाच्या डोळ्यांवर ओढणी बांधली, आणि कुठली शिट्टी कधी द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. शिट्ट्या देणाऱ्या मित्राने तोंडातून शब्द काढायचा नाही, एवढाच नियम. क्रम चिठ्ठीने ठरवणं गरजेचं, कारण पहिली शिट्टी गार असते आणि शेवटचीला आपण सरावलेले असतो. अर्थात वजनावरून आणि तोंडाच्या आकारावरून काही ओळखू येतंच. ब्लाइंडिंग पूर्ण जमलं नाही तर तसं लिहावं.

७. "चांगली" म्हणजे काय, ते आधी लिहा

मी पहिल्या रात्री फक्त सूर मोजला, कारण सूर मोजायला सोपा. पण वाजवणाऱ्याला आणखी बरंच हवं असतं: हलक्या फुंकेला सूर पटकन धरतो का, वरच्या सप्तकात जाताना किती जोर लागतो, एका श्वासात किती वेळ टिकतं, खालचे सूर वरच्यांच्या मानाने दबतात का, आणि वीस मिनिटं वाजवल्यावर काय होतं. ही यादी वाजवण्याआधी करायची. नंतर केली तर आपल्याला जे सापडलं तेच महत्त्वाचं ठरतं.

काकांच्या शिट्ट्यांतला खरा दोष याच यादीने सापडला. न कापलेल्या दोन आणि त्यांनी नंतर पाठवलेल्या चार, अशा सहा शिट्ट्या आम्ही सगळं नीट पाळून तपासल्या. सुरात कंट्रोलच्या तुलनेत सांगण्यासारखा फरक नव्हता. पण दहा-बारा मिनिटं सलग वाजवलं की सहापैकी चार घुसमटायच्या. श्वासातली वाफ गार पितळेवर थिजून फटीत पाणी साचायचं, आणि फट इतकी अरुंद होती की ते तिथेच धरून राहायचं. ट्यूनरवर पाच सेकंदांचे सूर घेऊन हे जन्मात दिसलं नसतं.

तो अहवाल मी एका पानाचा केला. वर खोलीचं तापमान, कोण वाजवत होतं, किती शिट्ट्या, किती वेळा, सोबत कुठली शिट्टी होती. मग आकडे, प्रत्येकासमोर पसरण. मग "घुसमट: चार शिट्ट्यांत, दहा मिनिटांनंतर". काय कापा, काय कानसा, असं काहीही लिहिलं नाही. तो निर्णय त्यांचा.

काकांनी पान वाचून फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "त्या दोन घुसमटत नाहीत त्या कुठल्या?" नंबर सांगितले. ते म्हणाले, "हां, त्यांची फट मी दुसऱ्या कानसीने केली होती." पुढच्या खेपेला त्यांनी फट केसभर उंच केली आणि बाहेरच्या कडेला बारीक उतार दिला. त्या शिट्ट्या वीस मिनिटं वाजवल्या, घुसमटल्या नाहीत.

तुमच्या कामाशी याचा काय संबंध?

तुमच्या लॅबमध्ये शिट्टी नसेल. नवीन कंपनीचं केमिकल असेल, स्वस्तातला सेन्सर असेल, कुणा अनोळखी ग्रुपने लिहिलेला कोड असेल. त्याच्याबद्दल "हे चुकीचं आहे" असं म्हणण्याआधी तीन ओळी वहीत लिहा: ओळखीची वस्तू याच परिस्थितीत काय दाखवते? तीच वस्तू पुन्हा मोजली तर किती हलते? आणि ज्याने ती बनवली, त्याला मी काय विचारलं?

तिसरी ओळ पुस्तकात सहसा नसते. पण विद्यापीठातून फोन आला की समोरचा माणूस स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवून आपला आकडा मान्य करतो. आपण "वीस सेंट" म्हणतो आणि कुठेतरी कुणीतरी पाइप कापायला घेतो. म्हणून आकडा सांगताना तो कुठल्या खोलीत, कशा फुंकेने आला, हेही त्याच वाक्यात सांगायचं.

त्या चार आखूड नळ्यांपैकी एक माझ्या टेबलावर आहे. लॅबच्या २० अंशांत ती बरोबर सुरात वाजते, आणि दुसरीकडे कुठेही वाजत नाही.